१४ वर्षांच्या मुलाचा दमा: इओसिनोफिल, आयजीई, फेनो... या आकड्यांवरून औषध ठरतं का?

खाडीकाठ (ठाणे, घोडबंदर रोड)

मुलगा १४ वर्षांचा, नववीत. वजन ५२ किलो. दमा पहिलीपासून. सध्या बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल २००/६ चा पंप, सकाळी दोन पफ, रात्री दोन पफ. रात्री मॉन्टेलुकास्ट-लेव्होसेट्रिझिनची गोळी. धाप लागली की सालब्युटामॉल. एवढं असूनही गेल्या वर्षभरात तीनदा तोंडावाटे स्टिरॉइडचा कोर्स झाला: जुलै, ऑक्टोबर, जानेवारी.

फाइल जाड झालीय, पण कागद एकमेकांशी जुळत नाहीत:

जानेवारी, इमर्जन्सीतला सीबीसी: पांढऱ्या पेशी १२,८००, इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणारा पांढऱ्या पेशींचा प्रकार) १ टक्का.
फेब्रुवारी, कोर्स संपून तीन आठवड्यांनी: पांढऱ्या पेशी ९,४००, इओसिनोफिल ७ टक्के.
एकूण आयजीई (ॲलर्जीची अँटीबॉडी) ८६०.
फेनो (सोडलेल्या श्वासातला नायट्रिक ऑक्साइड) ६२ पीपीबी.
स्पायरोमेट्री (फुंकण्याची तपासणी): एफईव्ही१, म्हणजे पहिल्या सेकंदात सोडलेली हवा, २.६० लिटर (अपेक्षेच्या ८४ टक्के), एफव्हीसी, म्हणजे एका दमात सोडलेली एकूण हवा, ३.५१, औषध दिल्यावर एफईव्ही१ २.९६. खाली मशीनने छापलंय ‘नॉर्मल’.
४० घटकांचं ॲलर्जी पॅनल: धुळीतले माइट आणि झुरळ जोरात पॉझिटिव्ह. गहू, तूरडाळ, वांगं ‘सौम्य पॉझिटिव्ह’.

विचारायचं ते असं. १ टक्का खरा की ७? पोळी-आमटी बंद करायची का? बायोलॉजिक इंजेक्शनचा (सुजेतला एखादा ठराविक दुवा अडवणाऱ्या औषधाचा) विषय निघालाय, त्यासाठी एवढे आकडे पुरतात का? आणि जनुकीय तपासणी करून ‘याला कुठलं औषध लागू पडेल’ हे आधीच कळतं, असं वाचलं. ते खरं का?

सेलकाउंटर (पॅथॉलॉजी, नौपाडा)

दोन्ही खरे. दिवस वेगळे आहेत, एवढंच.

आधी टक्के बाजूला ठेवा आणि एईसी, म्हणजे इओसिनोफिलची प्रत्यक्ष संख्या, काढा: पांढऱ्या पेशी गुणिले टक्के, भागिले १००. जानेवारीत १२८, फेब्रुवारीत ६५८. इमर्जन्सीत बहुतेक वेळा नेब्युलायझेशन आणि स्टिरॉइड आधी सुरू होतं आणि रक्त नंतर काढलं जातं. स्टिरॉइड पोटात किंवा शिरेत गेलं की काही तासांत इओसिनोफिल रक्तातून नाहीसे होतात आणि न्यूट्रोफिल वाढतात. म्हणून तिथे एकूण काउंट फुगलेला आणि इओसिनोफिल तळाला. दम्याचा प्रकार ठरवायला तो १२८ वापरू नका. तोंडावाटे स्टिरॉइड थांबून निदान एक-दोन आठवडे झाल्यानंतरचाच आकडा धरायचा. तेव्हाही कमी आला तर एकाच रिपोर्टवर ‘इओसिनोफिलवाला दमा नाही’ असा शिक्का मारायचा नसतो. जीनाच्या (दम्यावरच्या जागतिक गटाच्या) मार्गदर्शिकेनुसार तीन वेळा तपासून मगच तसं म्हणायचं.

आता लॅबच्या आतली गोष्ट. फेब्रुवारीचा डिफरन्शियल (पांढऱ्या पेशींच्या प्रकारांची टक्केवारी) हाताने केलेला असेल तर स्लाइडवर १०० पेशी मोजतात. ७ टक्के म्हणजे १०० मध्ये ७ पेशी. एक पेशी इकडची तिकडे झाली की तुमच्या मुलाची एईसी ९४ ने बदलते. म्हणून फाइव्ह-पार्ट ॲनालायझरवर (पाचही प्रकारच्या पेशी मोजणाऱ्या मशीनवर) काढलेला आणि थेट ‘ॲब्सोल्यूट’ छापलेला आकडा मागा. काही रिपोर्टमध्ये तोच ०.६६ असा दिसतो. ते हजारात असतं, घाबरू नका. रक्त दर वेळी साधारण एकाच वेळेला द्या. इओसिनोफिल रात्री जास्त आणि सकाळी उशिरा कमी असतात. सकाळी ११चा आणि रात्री ९चा रिपोर्ट शेजारी ठेवून ‘वाढले’ म्हणण्यात अर्थ नाही.

आणखी एक. रिपोर्टच्या उजवीकडे छापलेली नॉर्मल मर्यादा बहुतेक ठिकाणी ४००-५०० पर्यंत असते. दम्यात मात्र १५० आणि ३०० या पायऱ्या बघतात. म्हणजे ३२० आला तर लॅबच्या लेखी नॉर्मल, पण दम्याच्या लेखी बोलका.

आपल्याकडे इओसिनोफिल वाढले की जंत आधी बघायचे. वेगवेगळ्या दिवशी तीन वेळा शौचाची तपासणी करा. स्ट्राँजिलॉइडिस हा जंत शौचात सहज सापडत नाही, त्याची शंका असेल तर रक्ततपासणी लागते. एईसी ३,००० च्या वर, रात्रीचा खोकला, आणि सुट्टीत गडचिरोली-चंद्रपूरकडे गावी जाणं असेल तर फायलेरियामुळे होणारा ट्रॉपिकल इओसिनोफिलिया डोक्यात आणायचा. तो दम्यासारखाच दिसतो, पण त्याचं औषध डीईसी (फायलेरियाची गोळी), तेही तीन आठवडे. ६५८ ला तो विचार करायची गरज नाही.

श्वासफुंकर (फुप्फुस-तपासणी टेक्निशियन, वाशी)

फेनोबद्दल. ६२ हा आकडा कसा काढला ते विचारून घ्या, कारण ही तपासणी दिसते तितकी सोपी नाही.

पूर्ण श्वास बाहेर सोडायचा, तोंड फिल्टरला घट्ट लावून मशीनमधूनच श्वास पूर्ण आत घ्यायचा, आणि मध्ये न थांबता एकाच वेगाने १० सेकंद बाहेर सोडायचा. वेग सेकंदाला ५० मिली. स्क्रीनवर ढग किंवा फुगा दिलेला असतो, तो दोन रेघांच्या मध्ये ठेवायचा. मुलं दोन चुका करतात. जोरात फुंकतात, मग आकडा कमी येतो. किंवा श्वास नाकाने आत घेतात, मग जास्त येतो, कारण नाकात नायट्रिक ऑक्साइड फुप्फुसांपेक्षा कितीतरी जास्त असतो. दुसरी चूक टेक्निशियनच्या नजरेतून सहज सुटते.

तपासणीआधी तासभर खाणंपिणं नको, पाणीसुद्धा. पालक, बीट, लेट्यूस यांत नायट्रेट भरपूर, त्यांनी आकडा चढतो. सर्दी-तापाच्या दिवसांत चढतो. नाकाची ॲलर्जी असली की मुळातच थोडा वर. सिगारेटने उतरतो. ई-सिगारेटवर २०१९ पासून देशात बंदी आहे, तरी या वयाच्या मुलाला ‘ओढतोस का’ हे आईबाबा खोलीबाहेर गेल्यावरच विचारावं लागतं. आणि क्रम महत्त्वाचा: आधी फेनो, मग स्पायरोमेट्री. जोरजोरात फुंकून झाल्यावर फेनो घेतला तर खोटा कमी येतो. एकाच टेबलावर दोन्ही मशीन असली की घाईत हा क्रम उलटतो.

आता स्पायरोमेट्रीवर छापलेल्या ‘नॉर्मल’ बद्दल. २.६० भागिले ३.५१ म्हणजे ०.७४. मशीनमध्ये ०.७० ची सरसकट रेघ भरलेली असेल तर ते नॉर्मल म्हणणारच. ती रेघ सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या मोठ्या माणसांची. १४ वर्षांच्या मुलात हे गुणोत्तर ०.८५ च्या आसपास असायला हवं. झेड-स्कोअर (आकडा त्या वय-उंचीच्या सरासरीपासून किती दूर आहे ते) छापायला सांगा. उणे १.६४ च्या खाली असेल तर अडथळा आहे, मशीन काहीही म्हणो. शिवाय औषधानंतर ३६० मिलीची वाढ झालीय, म्हणजे जवळपास १४ टक्के. या दोन आकड्यांवर ‘नॉर्मल’ छापून येतं याचा राग येतो.

छातीचा_डॉक्टर (बालरोग-श्वसन, नवी मुंबई)

वरची दोन्ही उत्तरं पटली. आता त्यांवरून औषध कसं ठरतं ते बघू.

हे सगळे आकडे, म्हणजे मार्कर, मिळून एकच गोष्ट सांगतात: श्वासनलिकेतली सूज टाइप-२ प्रकारची आहे का. या प्रकारात इओसिनोफिल आणि ॲलर्जी पुढे असतात आणि ही सूज स्टिरॉइडला वश होते. जीनाच्या हिशोबाने, भरपूर डोसचं इन्हेलर चालू असतानाही एईसी १५० किंवा अधिक, किंवा फेनो २० किंवा अधिक असेल तर टाइप-२ धरायचा. तुमच्या मुलाचे दोन्ही आकडे त्याच्या कितीतरी वर आहेत. दोन्ही एकत्र जास्त असणं म्हणजे पुढच्या अटॅकचा धोका एकेकट्यापेक्षा जास्त. इथपर्यंत सरळ आहे.

फेनोच्या मर्यादा वाचताना गोंधळ होतो, कारण त्या दोन कामांसाठी वेगवेगळ्या आहेत. १२ वर्षांवरच्यांत २५ च्या आत कमी, ५० च्या वर जास्त, हे अर्थ लावण्यासाठी. १२ च्या आत २० आणि ३५. ब्रिटनच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत ५ ते १६ वयात ३५ किंवा अधिक आलं आणि लक्षणं जुळली तर दम्याचं निदान पक्कं, हे निदानासाठी. तुमच्या मुलाचं निदान आधीच झालंय, म्हणून ३५ विसरा.

गफलत पुढे होते. फेनो ६२ आला की ‘औषध कमी पडतंय, डोस वाढवा’ असं मनात येतं. पण बुडेसोनाइड खरोखर श्वासनलिकेत पोचत असेल तर फेनो काही दिवसांत उतरायला लागतो. रोज ८०० मायक्रोग्रॅम चालू असताना ६२ असेल तर पहिली शंका अशी की औषध पोचत नाही. एकतर घेतलं जात नाही, किंवा घेतलं तरी घशात अडकतं. १२ ते १८ या वयात हेच सगळ्यात जास्त वेळा निघतं. आई-बाबांनी आठवण करणं थांबवलेलं असतं आणि मुलाने स्वतः लक्षात ठेवायला अजून सुरुवात केलेली नसते.

हे तपासायची पद्धत आहे. सात दिवस दोन्ही वेळचे डोस कुणाच्या तरी डोळ्यांसमोर, बरोबर तंत्राने, आणि आठव्या दिवशी पुन्हा फेनो. डोस तोच, गोळी तीच, बाकी काही बदलायचं नाही. बेलफास्टच्या २०१२ च्या अभ्यासात, तोही मोठ्या माणसांत, फेनो ४२ टक्के किंवा अधिक पडला तर आधी औषध नीट घेतलं जात नव्हतं असा निष्कर्ष काढला होता. तुमच्या हिशोबात ६२ चा ३६ किंवा त्याखाली. मुलांमध्ये ४२ हा आकडा दगडावरची रेघ समजू नका, पण ६२ चा ३० झाला तर शंकेला जागा उरत नाही. आठवडाभर समोर घेऊनही ५८ राहिला, तर मात्र हा दमा खरोखरच या डोसला दाद देत नाही.

हे न करता बायोलॉजिककडे जाणं मला मान्य नाही. पंपाचे डोस बुडवणारं पोरगं महिन्याच्या इंजेक्शनवरही रोजचा पंप बुडवतच राहतं.

एक तपासणी मात्र राहिलीय. आयजीई ८६० आहे. दमा असताना एकूण आयजीई ५०० च्या वर गेला की ॲस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीचा स्पेसिफिक आयजीई करायचा. तो ०.३५ किंवा वर आला तर एबीपीएचा (या बुरशीच्या ॲलर्जीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचा) तपास: ॲस्परजिलस आयजीजी (अँटीबॉडीचा दुसरा प्रकार), छातीचा सीटी. त्याचं औषध वेगळं आणि महिनोन्महिने चालणारं. ४० घटकांच्या पॅनलमध्ये ॲस्परजिलस होता का ते बघा. नसला तर ही एकच चाचणी करा, पुन्हा पॅनल नको.

जेवणाबद्दल: गहू, डाळ, वांगं खाऊन दोन तासांत पित्त उठलं, ओठ सुजले, उलटी झाली, असं कधी घडलंय का? नसेल तर काही बंद करू नका. शरीराने तो पदार्थ ओळखलाय एवढंच पॅनल दाखवतं, आजार नाही. गवताच्या परागकणांची ॲलर्जी असली तरी गहू पॉझिटिव्ह दिसतो. केळं बंद, दही बंद, पेरू बंद, भात बंद अशी यादी फ्रिजवर चिकटवलेल्या घरांत मुलाचं वजन तेवढं घटतं, दमा जिथे होता तिथेच. आणि अन्नाच्या आयजीजीची पॅनलं येतात, त्यांवर एक रुपयाही घालवू नका.

जनुकांबद्दल थोडक्यात. बीटा-२ रिसेप्टरचं (श्वासनलिका उघडणारी औषधं जिथे चिकटतात त्याचं) जनुक बघून औषध निवडण्याची चाचणी ब्रिटनमध्ये १२ ते १८ वयोगटात झाली, २०२१ मध्ये छापून आली. फायदा दिसला तो जीवनमानाच्या गुणांत, आणि तोही थोडा. नाकातल्या पेशींचा आरएनए वाचून प्रकार ठरवण्याचं कामही चालू आहे. २०२५ मध्ये जामा नियतकालिकात आलेल्या अभ्यासात ६ ते २० वयाच्या पोर्तो रिकन आणि आफ्रिकन-अमेरिकन मुलांत स्पष्ट टाइप-२ असलेली जेमतेम चौथा हिस्सा निघाली. टी-१७ नावाच्या, सुजेच्या दुसऱ्या वाटेची त्याहून जास्त. ऐकायला रोचक, पण ठाण्याच्या लॅबमध्ये फॉर्म भरून करायची ती तपासणी नाही. आज त्यावरून कुठलं औषध बदलत नाही.

खाडीकाठ

सगळ्यांचे आभार. पॅनलमध्ये ॲस्परजिलस नाही, ते करून घेतो. पंपाच्या मागे आकडा असतो हे माहीत होतं, बघितला नव्हता. आत्ता ४६ आहे. औषधाच्या बिलाच्या तारखेवरून पंप उघडून ४१ दिवस झाले.

पंपवाला (फार्मासिस्ट, ऐरोली)

१२० चा पंप. ४६ उरले म्हणजे ७४ पफ गेले. दिवसाला चार, ४१ दिवस, म्हणजे १६४ जायला हवे होते. ७४ म्हणजे ४५ टक्के. खरं तर हा पंप तिसाव्या दिवशीच संपून दुसरा आणायला हवा होता. दर महिन्याला एकच पंप लागतो, तर वर्षाला बारा बिलं. बिलं मोजा, मुलाला काही विचारायची गरज नाही.

तंत्र असं. पंप पाच-सहा वेळा हलवा. स्पेसर (पंपाला जोडायची प्लास्टिकची नळी) लावा. श्वास पूर्ण बाहेर. ओठ घट्ट. एकदा दाबा, आणि दाबल्याबरोबर सावकाश खोल आत, चार-पाच सेकंद. दहा मोजेपर्यंत रोखा. अर्धा मिनिट थांबा, पुन्हा हलवा, दुसरा पफ. दोन पफ एकदम दाबून एका श्वासात ओढायचे नाहीत, थेंब एकमेकांना चिकटून स्पेसरच्या भिंतीवर बसतात. शेवटी चूळ भरून थुंका.

स्पेसर आठवड्याला एकदा, भांड्यांच्या साबणाच्या पातळ पाण्यात बुडवून काढा आणि उभा ठेवून वाळू द्या. फडक्याने पुसू नका, पुसला की प्लास्टिकमध्ये स्थिर वीज साठते आणि औषध भिंतीलाच चिकटतं.

या वयाची मुलं स्पेसर शाळेत नेत नाहीत, त्यावर भांडू नका. रोजचे दोन्ही डोस घरी, ब्रशच्या आधी, स्पेसरने. रोटाहेलर (औषधाची पावडर ओढायचं साधन) चालत असेल तर तोही ठीक, पण तिथे उलटं: ओढायचं जोरात आणि झटक्यात. पंप आणि रोटाहेलर दोन्ही घरात असले की मुलं दोन्हींची पद्धत एक करतात आणि दोन्हींकडचं औषध वाया जातं.

छातीचा_डॉक्टर

४५ टक्के. म्हणजे कागदावर मध्यम डोस, प्रत्यक्षात कमी डोसही नीट नाही. आणि काउंटर फक्त दाबलेले पफ मोजतो, आत गेलेले नाही. आई ओरडेल म्हणून बाल्कनीतून चार पफ हवेत सोडणारी मुलंही असतात. म्हणून ‘समोर घेतलेला’ आठवडाच हवा.

मुलावर चिडू नका. विचारताना ‘रोज घेतोस ना?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’ च येतं. ‘आठवड्यातले किती दिवस राहून जातात?’ असं विचारा.

डॉक्टरांशी दोन गोष्टी बोला. एक, सालब्युटामॉलऐवजी धाप लागली की हाच बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप वापरायचा का. १२ वर्षांपुढे जीनाने हीच पद्धत वर ठेवलीय. रोजचे आणि धापेचे मिळून दिवसाला कमाल १२ पफ. विसरभोळ्या वयात याचा फायदा असा की त्रास झाला तरी पोटभर सालब्युटामॉल न जाता सोबत स्टिरॉइड जातं. दोन, मॉन्टेलुकास्ट खरंच लागतं का. अमेरिकेच्या एफडीएने मार्च २०२० मध्ये त्यावर सगळ्यात कडक इशारा लावला: झोप बिघडणं, चिडचिड, उदासी, आत्महत्येचे विचार. नववीतला मुलगा चिडचिडा झाला की दोष अभ्यासाला, मोबाइलला जातो. गोळी कधी सुरू झाली ती तारीख कुणी बघत नाही. मात्र फेनोचा आठवडा संपेपर्यंत काही बदलू नका, नाहीतर आकडा कशाने पडला ते कळणार नाही.

बायोलॉजिकचं राहिलं होतं. ओमालिझुमॅबचा (आयजीई अडवणाऱ्या इंजेक्शनचा) डोस वजन आणि आयजीई या दोन आकड्यांच्या तक्त्यातून काढतात. १२ वर्षांवर अमेरिकन तक्ता ७०० ला संपतो, युरोपचा १,५०० पर्यंत जातो. ८६० एकात बाहेर, दुसऱ्यात आत. आणि इंजेक्शन सुरू झाल्यावर एकूण आयजीई पुन्हा तपासू नका. तो वाढलेलाच दिसतो, औषधाला चिकटलेला आयजीईही मोजला जातो. मेपोलिझुमॅब (इओसिनोफिल घटवणारं इंजेक्शन) वयाच्या १२ पासून १०० मिग्रॅ दर चार आठवड्यांनी, त्याला इओसिनोफिल लागतात. पण अपेक्षा बेताची ठेवा. अमेरिकेतल्या शहरी वस्त्यांतल्या ६ ते १७ वयाच्या, इओसिनोफिल १५० च्या वर असलेल्या मुलांच्या चाचणीत (२०२२) त्याने अटॅक २७ टक्क्यांनी कमी झाले. मोठ्यांमध्ये हेच प्रमाण निम्म्याच्या आसपास असतं. ‘इओसिनोफिल जास्त, म्हणून इंजेक्शन लागू पडणारच’ हे समीकरण मुलांमध्ये ढिलं आहे.

सेलकाउंटर

एक आडवा प्रश्न डॉक्टरांना. दर तीन महिन्यांनी फेनो काढून त्याप्रमाणे डोस वर-खाली करणारे आहेत. त्याने खरंच काही साधतं?

छातीचा_डॉक्टर

जुन्या चाचण्या एकत्र करून बघितल्या तर मुलांत अटॅक थोडे कमी झालेले दिसतात, रोजच्या लक्षणांत फरक नाही. पण २०२२ मध्ये ब्रिटनची ५०९ मुलांची चाचणी आली. वय ६ ते १५, अर्ध्यांचं औषध फक्त लक्षणांवर, अर्ध्यांचं लक्षणं अधिक फेनोवर. वर्षभरात दोन्ही गटांत जवळपास निम्म्या मुलांना अटॅक आला, फरक नाही. म्हणून सरसकट सगळ्यांना दर तिमाहीला फेनो, याला मी पैसे खर्च करायला सांगत नाही. तीन ठिकाणी उपयोग नक्की: औषध पोचतंय का हे बघायला, इंजेक्शन निवडायला, आणि डोस उतरवण्याआधी. दोन-तीन महिने दमा शांत, एसीटी (दम्याच्या प्रश्नावलीचे गुण) २० च्या वर, फेनो आणि एईसी दोन्ही कमी, तर डोस पाव ते निम्म्याने उतरवता येतो. फक्त जूनच्या तोंडावर किंवा परीक्षेच्या आठवड्यात नको.

सारसोळे (नेरुळ)

याच धाग्यात विचारते. मुलगी १६, खो-खो खेळते. पळताना धाप लागते, पंप दोन वर्षं चालू, डोस वाढवत नेला, काडीचा फरक नाही. फेनो १३, एईसी ११०, स्पायरोमेट्री छान. मार्कर चांगले म्हणजे दमा आटोक्यात म्हणायचा का?

छातीचा_डॉक्टर

मार्कर चांगले आणि त्रास तसाच, तेव्हा आधी ‘हा दमा आहे का’ असं विचारायचं, डोस वाढवायचा नाही. पळणं ऐन जोरात असताना श्वास आत घेताना घशाशी अडकतो, घोगरा आवाज येतो, आणि थांबल्यावर पाच मिनिटांत सुटतं? मग स्वरयंत्र आक्रसतंय ही शंका. दम्याची धाप बहुतेक वेळा थांबल्यावर वाढते, शिट्टी श्वास सोडताना येते. त्रास होत असताना मोबाइलवर आवाजासह व्हिडिओ काढा, अर्धं निदान त्यातच होतं. बाकी अर्धं ईएनटीकडे, व्यायाम करत असतानाच्या लॅरिंगोस्कोपीने (दुर्बिणीने स्वरयंत्र बघून). उपचार श्वासाच्या व्यायामांचे, पंपाचे नाहीत. मात्र चालू पंप स्वतःहून एकदम बंद करू नका.

गादीवाला_माइट (कळवा)

डोस नीट झाला तरी पॅनलमधले माइट उरतातच. त्यांना हवेतली आर्द्रता लागते, ५० टक्क्यांच्या खाली ते सुकतात. पावसाळ्यात घोडबंदरला ती कधी उतरत नाही, तेव्हा हवा शुद्ध करण्याच्या यंत्रापेक्षा गादीकडे बघा. माइट हवेत तरंगत नाहीत, गादीत राहतात. गादी-उशीला चेनचं माइटरोधक कव्हर, चादरी आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात, आणि जाड गोधडी मुलाच्या पलंगावरून हलवा. कासव छाप धुराऐवजी मच्छरदाणी.

इमारतीच्या डक्टमध्ये कबुतरं असतील तर तो वेगळा विषय. त्यांच्या विष्ठा-पिसांनी होणारा आजार आयजीजीच्या वाटेने होतो. आयजीई, फेनो, इओसिनोफिल यांत तो पकडला जात नाही.

खाडीकाठ

ठरलं. उद्यापासून सात दिवस, सकाळी मी, रात्री आई. आठवा दिवस रविवारी येतो, सोमवारी फेनो केला तर चालेल?

श्वासफुंकर

चालेल, पण रविवारचे दोन्ही आणि सोमवार सकाळचा डोसही समोरच द्या. आधीच्या वेळी ज्या मशीनवर केला त्याच मशीनवर करा. दोन कंपन्यांच्या मशीनचे आकडे थेट ताडून बघता येत नाहीत. वेळही तीच ठेवा. आदल्या दिवशी पालकाची भाजी नको. सर्दी झाली तर तपासणी पुढे ढकला, मात्र डोस समोरच चालू ठेवा. कागदावर तारीख, वेळ आणि काउंटरचा आकडा दोन्ही टोकांना लिहा: सुरुवातीला ४६ असेल तर सात दिवसांनी १८ दिसायला हवा, आणि सोमवारी सकाळी निघताना १२.

पंपवाला

नवा पंप आजच आणून ठेवा. १२ म्हणजे पुढचे तीनच दिवस.